पाहुणपण सरताना

माझी बायको लग्नानंतर आमच्या घरी राहायला आली तेव्हा पहिले सहा महिने तिने सगळ्यात जास्त ऐकलेला मराठी शब्द होता ‘बसा’. आई म्हणायची, बसा. बाबा प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे करायचे आणि म्हणायचे, बसा. तिला बघायला आलेल्या बाया ओसरीवर टेकायच्या आणि तिलाच म्हणायच्या, बसा ना जी. ती बसायची. थोड्या वेळाने उठून भांड्यांकडे जायची आणि आई तिच्या हातातलं ताट हळूच काढून घ्यायची. आमच्याकडे सुनेला कोणी अहो-जाहो करत नाही. ये, घे, कर असं बोलतात. चुकलं तर चांगलं ऐकवतात. ‘बसा’ पाहुण्याला म्हणतात. रात्री ती मला विचारायची, मी इथे कधीपर्यंत बसून राहायचं?

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. नऊ एकर शेती, एक विहीर, कापूस आणि तूर. मी २०१२ साली शिकायला जर्मनीत ड्रेस्डेनला गेलो, तिथेच नोकरी लागली, तिथेच ती भेटली. ती ड्रेस्डेनजवळच्या एका खेड्यातली, लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका. मी एकुलता एक. बाबांची तब्येत ढासळत चालली तसं माझं तिथे मन लागेना आणि २०१८ च्या शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की गावी जायचं. ‘तिकडची मुलगी इथे राहील का’ हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारला असेल. तिला मात्र कोणी विचारला नाही. ती खेड्यात वाढलेली होती, गाईचं दूध काढायला तिला यायचं, आणि निर्णय तिनेही माझ्याइतकाच घेतला होता.

कागदपत्रांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून ते आधी सांगतो. आम्ही विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, वर्ध्यात नोंदणी विवाह केला. त्यात नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. तिच्याकडून तिच्या गावच्या नोंदणी कार्यालयाचा दाखला लागला, की हिचं आधी लग्न झालेलं नाही, लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. तो दाखला सहा महिनेच चालतो. म्हणजे दोन देशांची दोन घड्याळं एकत्र जुळवायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये सह्या झाल्या. मग ती परत गेली, बर्लिनच्या भारतीय दूतावासातून एक्स व्हिसा, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळतो तो प्रवेशाचा व्हिसा, घेतला आणि ऑगस्टमध्ये कायमची आली.

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असला की परदेशी माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो. मला याची चीड आली होती, घरी आलेल्या सुनेची पोलिसांत नोंद कशाला म्हणून. तिला काहीच वाटलं नाही. तिच्या देशात घर बदललं की तिथल्या नागरिकालाही साधारण दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंद करावी लागते, देश सोडताना नाव काढावं लागतं. ती ते करूनच आली होती. एकीकडचं नाव काढलं, दुसरीकडे घातलं, एवढंच तिच्या लेखी. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, घराचा नमुना आठ, विजेचं बिल, लग्नाचा दाखला, माझं आधार. गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळ मिळायचं, तिथे दगडावर बसून आम्ही सगळं अपलोड केलं. चौकशीला जमादार आले, पोलीस पाटील आले, आईने दोघांना चहा दिला.

एकाच गोष्टीने फार दमवलं. तिच्या आडनावात एक अक्षर आहे, ‘यू’ आणि त्यावर दोन टिंबं. जर्मन पासपोर्टवर वर ते तसंच छापतात, पण खाली यंत्राने वाचायच्या ओळीत त्याच्या जागी ‘यू-ई’ अशी दोन अक्षरं येतात. व्हिसावर ‘यू-ई’ आलं. लग्नाच्या दाखल्यावर नुसता ‘यू’ आला. झालं, ही बाई कोणती आणि ती बाई कोणती! एका कार्यालयाने आमचा अर्ज यासाठी दोनदा परत पाठवला. दुसऱ्या वेळी तर तिथल्या बाबूने मान वर न करता कागद सरकवला आणि आम्ही दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसांसारखे बाहेर उभे राहिलो. ज्यांच्या घरी असं लग्न होणार असेल त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टच्या खालच्या ओळीतलंच स्पेलिंग लिहावं. पुढे लेकीच्या जन्मदाखल्याला आम्ही तेच केलं आणि काही अडलं नाही.

ती आली आणि पंधरवड्यात पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदमळण असते. बैलांच्या खांद्यावर जू घासून घासून चामडी जाड झालेली असते, तिथे तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि बैलांना सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मी तिला याचा अर्थ सांगितला. ती काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, रोज तुमच्याच गोठ्यात राहतात, तरी बोलावणं करता? बाबा बैलाजवळ उभे होते. त्यांना तिचं बोलणं कळलं नाही, पण तिची नजर कळली असावी. त्यांनी तूप-हळदीची वाटी तिच्या हातात दिली. ती बैलाच्या मानेजवळ उभी राहिली आणि तळव्याने हळूहळू, गोल गोल चोळत राहिली. बैलाने मान खाली सोडून डोळे अर्धे मिटले. आई दारातून म्हणाली, ‘अवं, लुगडं...’, आणि मग आठवलं की ती पॅन्टवर आहे, पुढे काही बोलली नाही. त्या दिवशी कोणी तिला ‘बसा’ म्हटलं नाही. पण तो सणाचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून परत खुर्ची.

आता माझी चूक सांगतो. मी दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून उभा राहिलो आणि तिथून हललोच नाही. आई म्हणायची, ‘काहून उन्हात हिंडून राहिली थे? डोक्यावर काही घेत नाही, लोकं काय म्हनतीन?’ मी जर्मनमध्ये सांगायचो, आईला तुझी काळजी वाटते, टोपी घाल. बायको म्हणायची, मला या घरात काही करू देत नाहीत, मी इथे कपाटासारखी उभी आहे. मी आईला सांगायचो, ती म्हणते घर छान आहे. माझा हेतू चांगला होता. भांडण नको, कोणाचं मन दुखायला नको. पण सासू-सुनांना एकमेकींचा राग, हट्ट, काळजी यांतलं काहीच खरं पोचत नव्हतं. त्यांच्यामध्ये मी पडद्यासारखा टांगलेला होतो. भाषा येणाऱ्या नवऱ्यांनी हे नक्की तपासून पाहावं, की आपण बोलणं पोचवतो आहोत की अडवतो आहोत.

मग २०२० चा मार्च आला. चोवीस तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी पोरांनी गावाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. त्याच आठवड्यात तिला दूतावासाचा मेल आला. जर्मनीने त्या काळात जगभर अडकलेल्या आपल्या दोन लाखांहून अधिक लोकांना खास विमानांनी घरी नेलं, त्यातली काही विमानं दिल्लीतून होती. जायचं असेल तर नाव नोंदवा, असा मेल. तिचे आईवडील फोनवर रडत होते. आम्ही दोन दिवस त्यावर बोललो. मी तिला थांब म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीजवळ भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘जाऊन राहिली का थे?’

उत्तर मी देण्याआधी बायको म्हणाली, ‘नाही जात मी.’

तिने मराठीत आईला उद्देशून बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. आईने काही म्हटलं नाही. तव्यावरची भाकर उलटली, मग विस्तवाला लावून फुगवली आणि तिच्या ताटात टाकली. तूप वाढताना मात्र वाटी जरा जास्तच कलली.

त्या वर्षीचा मे महिना काढणं हा वेगळाच अध्याय होता. वर्ध्याकडचं ऊन ज्यांनी सोसलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. तिच्या पाठीवर घामोळ्यांचा थर आला. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर वीज असेपर्यंत चालायचा. रात्री अंगणात कडुनिंबाखाली बाजा टाकायच्या, तिथे तिला झोप लागायची. कैरीचं पन्हं, ताक, आंबील, दुपारी बाहेर न पडणं, कांदा जवळ ठेवणं, हे सगळं ती आईचं पाहून शिकली. खाण्यापिण्यात तिने कुरकुर केली नाही. पाटवडीचा तर्रीवाला रस्सा ती माझ्याहून तिखट खाते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर आणि भेदरं म्हणजे टमाटे, हे तिला पुण्याच्या माणसापेक्षा लवकर समजलं, कारण तिच्या डोक्यात आधीचे शब्दच नव्हते.

पण तिला ब्रेडची आठवण यायची. आपल्याकडे मिळतो तो मऊ पांढरा पाव नाही. त्यांचा काळसर, आंबट, जड ब्रेड, जाड सालीचा, चाकू जोर लावून फिरवावा लागतो असा. त्याला विकतचं यीस्ट लागत नाही. पीठ आणि पाणी कालवून बरणीत ठेवतात, रोज थोडं नवं पीठ घालतात, आठवड्याभरात ते आपोआप आंबून वर येतं. तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तसं कालवून फडताळात ठेवलं. पाचव्या दिवशी आईला वास आला. सडलं म्हणून आईने ते गाईच्या टोपल्यात ओतलं आणि बरणी घासून पालथी घातली. बायको त्या घासलेल्या बरणीकडे पाहून रडली. एवढ्याशा पिठासाठी रडते, याने आई घाबरूनच गेली. मी मध्ये पडून काहीतरी सारवासारव केली, नेहमीप्रमाणे.

दुसऱ्यांदा तिने बरणी भरली तेव्हा मला विचारलंच नाही. शेजारच्या काकूंना घेऊन आली. काकू म्हणजे आमच्यापासून तिसरं घर, वयाने आईच्या बरोबरीच्या, गावातल्या निम्म्या बाळंतपणांना हजर असलेल्या. काकूंनी बरणीत बोट घातलं, चाखलं आणि आईला म्हणाल्या, ‘अवं बाई, हे इरजन हाय ना! दह्याचं असते तसं पिठाचं इरजन. थोडं ठुवाचं, थोडं वापराचं.’ आईचा चेहरा एकदम खुलला. विरजण म्हटल्यावर आईला सगळं कळलं. विरजण कोणी फेकत नाही. आमच्या घरातलं विरजण माझ्या आजीच्या वेळेपासून मोडलेलं नाही असं आई अभिमानाने सांगते. त्या दिवसापासून बरणी फडताळातून देवाच्या कोनाड्याखालच्या थंड जागी आली.

भट्टीचा प्रश्न रोडग्यांनी सोडवला. आमच्याकडे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. तिने जाड बुडाच्या पातेल्यात पीठ ठेवलं, वर झाकण, आणि खाली-वर विस्तव. पहिला ब्रेड एका बाजूने कोळसा झाला. चौथा असा निघाला, की तिने तो ठोकून पाहिला, पोकळ आवाज आला, आणि ती अंगणात उभ्या उभ्या हसत सुटली. आईने त्याचा तुकडा डाळभाजीत बुडवून खाल्ला आणि म्हणाली, ‘भाकरीवानी पोट भरते.’ आईकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

खरा बदल झाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. बाबांना लकवा मारला. मी त्यांना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो आणि अकरा दिवस तिथेच राहिलो. इकडे शेतात कापूस फुटून पांढरा झालेला. त्या साली बोंडअळीने आधीच बरंच खाल्लं होतं, जे उरलं ते वेचून घरात यायलाच हवं होतं. घरी फक्त या दोघी. दुभाषी नाही.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि काकूंनी तिसऱ्या प्रकारे. वेचणीच्या बायांची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लावायचं, वजन मोठ्याने सांगायचं, वहीत लिहायचं. आईला लिहिता येत नाही, हिशेब मात्र तोंडावर असतो. म्हणून वही बायकोकडे आली. तिला मराठी आकडे येत होते, आणि त्याला एक गमतीचं कारण आहे. जर्मनमध्येही एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस येतात. बावीस, सव्वीस, चौतीस, सगळं आपल्यासारखंच, एकक आधी, दशक मागून. इंग्रजी शिकलेल्या पोरांना जे उलटं वाटतं ते तिला सरळ वाटायचं. साडेतीन वाजले म्हटलं की मात्र ती अजून अडखळते, कारण त्यांच्याकडे घड्याळातल्या साडेतीनला ‘अर्धे चार’ म्हणतात.

तर काट्यावर बायका आकडे सांगत होत्या आणि ती लिहीत होती. सगळं लिहून झाल्यावर आईने एकूण विचारलं. आईने मनात जी बेरीज केली होती ती आणि वहीतली जुळेना. वहीत सहा किलो जास्त. अंधार पडत आलेला, बाया घरी जायच्या घाईत, बाबा दवाखान्यात. आईचा संयम सुटला. सगळ्या बायांसमोर ती बायकोवर ओरडली, ‘ध्यान कुठी हाय तुयं? काय लिवून राहिली? वाच बरं एकेकीचं!’

बायकोने वाचलं. चूक एकोणमध्ये निघाली. एकोणतीस ऐकून तिने लिहिले होते ३१, एकोणचाळीसचे ४१ आणि परत एका एकोणतीसचे ३१. एक आणि तीस, म्हणजे एकतीस, असा तिचा सरळ हिशेब. आई तिच्या हातातून पेन्सिल घेऊन, लिहिता येत नसताना, वहीवर टोक आपटत म्हणाली, ‘एकोन म्हनजे एक कमी! चाळीसले एक कमी, एकोनचाळीस. तीसले एक कमी, एकोनतीस. समजलं का तुले?’

‘समजलं,’ बायको म्हणाली. मग तिने विचारलं, ‘पन्नासले एक कमी?’

‘एकोनपन्नास.’

‘साठले?’

‘एकोनसाठ. आता लिव.’

ती वही अजून आमच्याकडे आहे. ३१ वर काट मारून २९ लिहिलेले, सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ, जशी त्यांच्याकडे देतात. मी रोज रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन करायचो. त्या रात्री बायकोचा आवाज वेगळा होता. मला वाटलं दुखावली आहे. ती म्हणाली, आज आई मला ‘तुयं’ म्हणाली. सगळ्यांसमोर ओरडली. मी म्हटलं, मी बोलतो आईशी. ती घाईघाईने म्हणाली, नाही, तू काही बोलू नकोस. तू अजिबात बोलू नकोस.

बाबांना घेऊन मी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात कोणती गोष्ट कुठे आहे ते मला विचारावं लागलं. दोघींनी फडताळ नव्याने लावलं होतं. आई तिला ‘ये’, ‘घे’, ‘कर’ करत होती. चुकलं की ऐकवत होती. बायकोही ऐकून घेत नव्हती, तिला जमेल त्या मराठीत वाद घालत होती. बाबांचा उजवा हात उचलत नव्हता, व्यायाम ती करून घ्यायची, आणि बाबा तिच्याकडून करायचे, माझ्याकडून नाही.

२०२१ मध्ये लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली आणि आम्ही ओसीआय कार्डासाठी, म्हणजे ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ या कार्डासाठी, अर्ज केला. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी माणसाला नोंदणी केलेल्या लग्नाची सलग दोन वर्षं झाल्यावर हा अर्ज करता येतो. कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट संपते, दरवेळची नोंदणी संपते. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. बाबांना ते ऐकून वाईट वाटलं. त्यांनी डाव्या हाताने सातबाऱ्याचा कागद चाचपला आणि म्हणाले, ‘मंग नातवाच्या नावानं करू.’ नात झाली.

जानेवारी २०२२. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिला ते ठाऊक होतं आणि तिचं माहेर ड्रेस्डेनजवळ होतं. कोरोनाची लाट परत आलेली, तिच्या आईला येणं शक्यच नव्हतं. सातव्या महिन्यात काकू आल्या, ओसरीवर बसल्या आणि आईला म्हणाल्या, ‘हिले मायाकडे धाडून द्या. मायं घर हिचं माहेर.’ तीन घरं पलीकडचं माहेर! आई आधी जरा नाराज झाली, मग तिनेच ओटी भरून पाठवणी केली. काकूंचं एक वाक्य मी विसरणार नाही. आमच्या भागातून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. काकू म्हणाल्या, ‘इथली लेक द्वारकेले गेली, कोन्या मुलखात. तिलेही कोनीतरी काकू भेटलीच असन.’

दवाखान्यातून सुटल्यावर सव्वा महिना ती काकूंकडे होती. बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, तेल लावून शेक. जर्मनीत बाळंतिणीच्या घरी सुईण येते, पहिले दहा दिवस अगदी रोज येऊ शकते, खर्च विम्यातून. तिच्या मनात होतं, इथे असं कोण येणार? आणि तिसऱ्या दिवशी आशाताई दारात. पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर. मग सातव्या दिवशी, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या आशाताई ही फेरी किती तुटपुंज्या पैशांत करतात, हे कळलं तेव्हा बायकोला फार राग आला होता. तो राग मला योग्य वाटतो.

पाचव्या रात्री सटवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. बायकोने विचारलं, ती कोणत्या भाषेत लिहिते? काकू म्हणाल्या, ‘तिले साऱ्याच येतेत.’

लेकीचा पहिला शब्द ‘मामा’. जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. गावात कोणीही भेटलं की म्हणायचं, पोट्टी मामाले बलावून राहिली, मामा कुठी हाय इचा? बायकोला वाटलं लेकीला आई म्हणायला शिकवावं. बाबांनी नाही म्हटलं. म्हणाले, ‘ज्या नावानं हाक मारते थेच नाव.’ त्यामुळे आमच्या गल्लीतली लहान पोरंही आता तिला मामाच म्हणतात. लेकीचा पासपोर्ट कोणत्या देशाचा काढायचा हे मात्र ठरलेलं नाही. ती इथे जन्मली, मी भारतीय, म्हणून ती भारतीय. आईकडून जर्मनही. आणि आपला देश दोन पासपोर्ट एकत्र ठेवू देत नाही. यावर आमच्या दोघांचं एकमत नाही आणि सध्या तरी आम्ही घाई करत नाही.

तीन वर्षांची झाल्यावर लेक अंगणवाडीत जायला लागली. तिकडे २०१३ पासून वर्षाच्या मुलालाही पाळणाघराची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि मूल पहिल्यांदा जातं तेव्हा आई किंवा वडील काही दिवस तिथेच बसतात. पहिले तीन दिवस तर मुलाला एकटं सोडतच नाहीत. मग पाच मिनिटं बाहेर जायचं, परत यायचं, मग अर्धा तास. बायकोने हे काम वर्षानुवर्षं केलेलं. ती अंगणवाडीच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसली. आमच्याकडे मूल दारात सोडतात, ते रडतं, ताई उचलून नेते, चार दिवसांनी रडणं थांबतं. सेविकाताईंना आधी वाटलं ही बाई आपल्यावर लक्ष ठेवायला आली. मी बोलून घेतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गप्प राहिलो. दुसऱ्या आठवड्यात भिंतीला टेकून आणखी दोन आया बसलेल्या दिसल्या, मांडीवर तूर निवडायची सुपं घेऊन.

गेल्या महिन्यात बायको एकटीच तीन आठवड्यांसाठी तिच्या आईकडे गेली. निघायच्या आदल्या रात्री तिने आईला बरणीबद्दल सांगायला घेतलं. दिवसाआड दोन चमचे पीठ, तेवढंच पाणी, झाकण घट्ट लावायचं नाही. आई म्हणाली, ‘वर आलं हे कसं समजाचं?’ बायकोने बरणीला रबर लावून दाखवला, पीठ घातलं तेव्हा इथवर, फुगलं की इथवर. सकाळी आईने तो रबर काढून पदराला पुसून डबीत ठेवला. त्याच जागी बरणीवर तिने बोटाने कुंकवाची रेघ ओढली. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर ती नातीच्या आधी बरणीच कॅमेऱ्यासमोर धरते आणि विचारते, ‘पाय बरं, रेघेच्या किती वर गेलं?’